टवक्यांची वैरीण

शोभाताई टिपणीसांनी आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधी आमच्या दाराला नख लावलं.

हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या या इमारतीत राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते. निम्मी खोकी उघडायची होती, पडदे लागायचे होते आणि मी दारात उभा राहून बेलखाली 'आपटे' अशी चिठ्ठी चिकटवत होतो. गॅलरीच्या टोकाकडून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कुर्त्यावर जाड एप्रन आणि एप्रनवर सतराशे साठ रंगांचे ठिपके. चिठ्ठी त्यांनी लांबूनच वाचली असावी. मला वाटलं, आता नमस्कार करतील. त्या थेट चौकटीपाशी गेल्या, वाकल्या आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने चौकटीचा रंग खरवडला. पांढऱ्या रंगाचा एक टवका माझ्या बुटावर पडला.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "प्रायमर नाही. लाकूड न घासता थेट रंग फासलाय. दोन हिवाळे काढेल फार तर."

मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. "मी शोभा टिपणीस. एकशे बारा नंबर. चहाला या सगळे."

बाकीची नऊ नखं त्या कापतात, हे एक राखतात. आपल्याकडे काही पुरुष करंगळीचं नख वाढवतात, त्यामागे काय शास्त्र असतं देव जाणे. शोभाताईंच्या नखामागे मात्र शास्त्र आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होत्या. पत्र्याच्या पट्ट्यांवर रंग द्यायचा, वाळवायचा आणि तो किती जोर लावल्यावर निघतो ते बघायचं, हे त्यांचं काम. "त्यासाठी मशीन होतं रे," त्या सांगतात. "पण मशीन लावायच्या आधी मी नख लावून सांगायचे. मशीन नंतर हो म्हणायचं."

मग दिलीपरावांना इथे सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि शोभाताई डिपेंडंट म्हणून आल्या. 'डिपेंडंट' हा शब्द त्या आजही अशा काही उच्चारतात, की तो व्हिसा आपणच दिला होता की काय असं ऐकणाऱ्याला वाटावं. पहिली तीन वर्षं त्यांनी खिडकीतून पाऊस बघितला आणि घरातल्या सगळ्या रेडिएटरना नख लावून झालं. तेवढ्यात त्यांच्या मुलीने, पाच वर्षांच्या गौरीने, एका प्लॅस्टिकच्या बाहुलीला रंगपेटीतल्या रंगांनी साडी नेसवली. सकाळी नेसवलेली साडी संध्याकाळपर्यंत टवक्याटवक्यांनी गळून पडली. गौरी रडली. शोभाताईंनी एक टवका उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"आणि समीर, या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला काम दिसलं," त्या म्हणतात.

आता ते काम काय, ते सांगतो. जुन्या सामानाच्या दुकानातून, ज्याला इथे क्रिंगलोप म्हणतात, शोभाताई वीतभर उंचीची जुनी खेळणी आणतात. योद्धे, राजकन्या, अंतराळवीर. ज्यांचे हातपाय सांध्यांतून हलतात असे. पॉलिश पेपरने त्यांचे स्नायू घासून टाकतात, पुट्टीने पोटं भरतात, टकलं पाडतात, अंबाडे घालतात आणि रंगवून त्यांचे आजी-आजोबा करतात. हॉलंडभरच्या मराठी घरांतून त्यांना फोटो येतात. इथली आमची पोरं, त्यांच्या दृष्टीने आजी म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणारं कपाळ आणि मागे फिरणारा पंखा. अशा पोरांच्या हातात शोभाताई अख्खी आजी देतात. पायांसकट.

आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर थर्मोकोलच्या ठोकळ्यात बांबूच्या काड्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काडीवर एक मुंडकं होतं. आमची इरा मृणालच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मागे लपली. मी धीर करून विचारलं, "हे कोण?"

"या नाशिकच्या आजी. हे सोलापूरचे अण्णा. आणि या मधल्या, त्यांचं अजून धड यायचंय," शोभाताई म्हणाल्या. "चहात साखर किती?"

त्या टेबलावर जेवण झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. नवराबायको स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून जेवतात.

आता ही खेळणी रंगवणारे जगात पुष्कळ आहेत. पण ते रंगवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. शोभाताईंना काचेच्या कपाटाची शिसारी आहे. लायडनहून एकदा एक डच गृहस्थ आले. छंद म्हणून अशा मूर्ती जमवणारे. आपण वस्तूला कधी हात लावत नाही, त्यामुळे टवके उडायचा प्रश्नच नाही, असं ते अभिमानाने म्हणाले. शोभाताईंनी त्यांना सांगितलं, "मग फोटो काढून भिंतीला लावा. खेळणं कशाला अडकवून ठेवता?" हे त्यांनी डचमध्ये सांगितलं. त्यांचं डच व्याकरणाला कच्चं असलं तरी पोचायला पक्कं आहे. गृहस्थांनी कॉफी संपवली आणि पुढची ट्रेन पकडली.

त्यांचं म्हणणं एवढंच, की खेळणं खेळण्यासाठी असतं. आजी सायकलच्या टोपलीतून पडणार, आजोबा वाळूत पुरले जाणार, आंघोळीच्या टबात बुडणार, आणि तरीही त्यांचा रंग उडता कामा नये. या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षं दिलीत, आणि त्यांचे नियम कोणी विचारो न विचारो, त्या सांगतात.

पहिला नियम, "आधी आंघोळ!" खेळणं आणलं की भांडी घासायच्या साबणाने आणि टूथब्रशने त्याला घासायचं. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या अंगाला तेल असतं, त्यावर पोरांच्या हातांची भर. तेलावर रंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आंघोळीनंतर त्याला उघड्या बोटांनी शिवायचं नाही. सोवळ्यात असल्यासारखं ते दिवसभर एका पंच्यावर पडून वाळतं.

"भांडण सगळं सांध्यात असतं," हे त्यांचं दुसरं वाक्य. रंगाला जाडी असते. खांद्याच्या खोबणीत हात आधीच घट्ट बसलेला असतो, त्यात रंगाचा थर आला की तो घासणारच. म्हणून सांधा आधी केसभर घासून जागा करायची आणि आतल्या भागाला रंग द्यायचाच नाही. तो भाग गरम पाण्यात कपडे रंगवायच्या रंगासारखा रंग कालवून त्यात बुडवून ठेवायचा. प्लॅस्टिकच रंग पितं. मग किती का घासेना.

त्यानंतर प्रायमर, आणि मग खरा रंग. तो कसा असावा? "ताकासारखा पातळ. आणि तेही ऐनवेळी पाहुणे वाढल्यावरचं ताक." असे सात थर. वरून दोन हात वॉर्निश. आणि मग सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे काही न करणं. मूर्ती बुटाच्या खोक्यात ठेवायची आणि तीन आठवडे तिच्याकडे बघायचं नाही. कारण, आणि हे शोभाताईंचं आवडतं वाक्य, "वाळलं म्हणजे मुरलं नव्हे."

लोणच्याचं हे क्रियापद त्या माणसांनाही लावतात. पुण्याहून नवं जोडपं आलं, महिन्याभरात घर बुक केलं, की शोभाताई म्हणणार, "वाळलेत. मुरले नाहीत अजून." दिलीपरावांविषयी एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हा मुरलाय. जरा जास्तच."

दिलीपराव हा खरंच मुरलेला माणूस. त्यांचं घड्याळ थरांवर चालतं. "येतो हां, दोन थर झाले की," असं ते फोनवर सांगतात. शिवाय त्यांच्याकडे एक अधिकृत काम आहे. नव्या रंगाची परीक्षा करायची असली, की शोभाताई एक नमुन्याची मूर्ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालतात, सोबत जुन्या किल्ल्या, एक चमचा आणि मूठभर प्लॅस्टिकच्या विटा टाकतात आणि डबा दिलीपरावांच्या हातात देतात. दिलीपरावांनी तो दोनशे वेळा हलवायचा. बातम्या बघता बघता ते शांतपणे हलवत असतात. खालच्या मजल्यावरच्या डच आजींनी एकदा मला लिफ्टमध्ये विचारलं, की मिस्टर टिपणीस कुठल्या बँडमध्ये आहेत.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मात्र शोभाताईंचं हे नख त्यांच्या अंगाशी यायची वेळ आली. मंडळाने एका शाळेचा खेळाचा हॉल भाड्याने घेतला होता. आरतीला अर्धा तास होता. शोभाताई दर्शनाला पुढे गेल्या, नमस्कार केला, आणि वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. मंडळाचे अध्यक्ष धावत आले.

"अहो शोभाताई! बाप्पाला नख लावता?"

"बाप्पाला कशाला लावेन? पाटाला लावलं. पाटाचा रंग कच्चा आहे, सोवळ्याला लागेल तुमच्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि उंदराचा कान कुठे आहे?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. मूर्ती पुण्याहून सामानातून आणताना उंदराचा डावा कान तुटला होता आणि त्यांनी ती बाजू दूर्वांनी झाकली होती. शोभाताईंनी पर्समधून पुट्टीच्या दोन कांड्या काढल्या, मळल्या, पाच मिनिटांत कान केला. मग रंग. मग त्यांनी जाहीर केलं की थर वाळेपर्यंत आरती नाही, टाळ्यांनी हवेत धूळ उडते. दीडशे माणसं, भरजरी साड्या, ताटकळलेली पोरं आणि मोदकांचा वास. समोर एक बाई उंदराच्या कानावर हेअर ड्रायर धरून उभी. पंचवीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "हं. वाळला. करा सुरू. पण उंदराला कोणी हात लावायचा नाही, तो मुरतोय."

तर अशा या शोभाताई. त्यांच्याकडे आमचं काम निघालं ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. सांगलीला शाळेत भूगोल शिकवायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली होती. आई तिथेच राहते, एकटी, स्वतःच्या हट्टाने. आबा गेले तेव्हा इरा चार वर्षांचीही नव्हती. एकदा टेबलावरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हू इज धिस?" मृणाल माझ्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन तिने एकशे बाराची बेल वाजवली.

शोभाताईंनी निरोप पाठवला, "समीरला पाठव. मुलगा तो आहे." मी गेलो. त्यांनी वही उघडली.

"स्वेटर कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"निळा म्हणजे?"

"नेहमीचा निळा."

शोभाताईंनी चष्मा काढला. "समीर, नेहमीचा निळा असा रंग नसतो. फोटो उन्हात राहून विटलाय, त्यावर मी काय ठरवू? बरं, घड्याळ कुठल्या हातात?"

मी आधी डावा हात वर केला, मग उजवा. मला आठवेना. अठरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी पाट मांडून जेवलो होतो.

"चष्म्याची दोरी? बटणं किती? चप्पल अंगठ्याची की पट्ट्याची?"

मी तो विटलेला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागलो. शेवटी त्यांनी वही मिटली आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "हलायला काय हवं? एक सांधा सांग."

हे मात्र मला माहीत होतं. "उजवा हात. खांद्यातून." आबा कोणाला पत्ता सांगताना डावीकडे, उजवीकडे म्हणायचेच नाहीत. पूर्वेला जा, मग वायव्येला वळा, आणि हात खांद्यातून उचलून नकाशावरची छडी धरावी तसा ताठ. सांगलीत कितीतरी माणसं आबांना पत्ता विचारून हरवली असतील.

"आईंचा नंबर दे," शोभाताई म्हणाल्या. "बाकीचं मी विचारून घेते."

मी आईला दर रविवारी फोन करतो. सात-आठ मिनिटं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बाई येते ना कामाला, इराशी बोल. त्या रविवारी आई म्हणाली, "अरे, ती शोभा काय गोड बोलते! दीड तास बोललो आम्ही." मला शोभाताई आणि गोड हे गणित जुळवता आलं नाही, पण म्हटलं, बरं झालं.

स्वेटर निळा नव्हताच. मोरपिशी होता. आईने स्वतः विणलेला, आणि डाव्या बाहीशी लोकर संपली म्हणून शेवटची चार बोटं जरा गडद. घड्याळ उजव्या हातात, कारण डाव्या मनगटाला पट्ट्याने खाज सुटायची. हे सगळं मला शोभाताईंनी सांगितलं. माझ्या वडलांविषयी.

दोन महिने काम चाललं. आबा ज्या खेळण्यातून झाले तो मुळात एक दंडबेटकुळ्यांचा अंतराळयोद्धा होता. शोभाताईंनी त्याची छाती घासून घासून त्याला निवृत्त शिक्षक केलं. जुळून आलेला तो मोरपिशी रंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खिडकीबाहेरच्या कालव्याबद्दल काहीतरी बोललो.

आणि मग मी घाई केली.

इराचा सहावा वाढदिवस होता. आबा बुटाच्या खोक्यात मुरत पडले होते, अजून दहा दिवस बाकी होते. मी शोभाताईंच्या मागे लागलो. "वाळलेत ना पण?"

"वाळलेत."

"मग द्या ना. वाढदिवसाला मिळाले तर तिला काय वाटेल!"

शोभाताई नाही म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी इराला घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोकं दिलं. "ने. पण खांदा दहा दिवस हलवू देऊ नकोस. समजलं?"

समजलं होतं. पण इराने आबांना हातात घेतलं, हात वर केला आणि विचारलं, "आबा, वेअर इज सांगली?" आणि ती असं हसली, की दहा दिवसांचं मी विसरलोच. मुद्दाम विसरलो म्हणा. त्या आठवड्यात आबांनी दिवसातून शंभर वेळा सांगलीचा पत्ता सांगितला. शुक्रवारी ती त्यांना शाळेत घेऊन गेली; वर्गात प्रत्येकाने आपली एक वस्तू दाखवून तिच्याविषयी बोलायचं होतं. परत आली ती मूठ घट्ट मिटून.

"बाबा, आबा इज कापॉट." मोडले, हे ती डचमध्ये म्हणाली. मुठीत तांदळाच्या दाण्याएवढा मोरपिशी टवका होता, आणि आबांच्या खांद्यावर त्या जागी योद्ध्याचं करडं प्लॅस्टिक दिसत होतं.

मी आबांना रुमालात गुंडाळून एकशे बाराला गेलो. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार, आणि ती निघावी असंच मला वाटत होतं. शोभाताईंनी खांदा दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी दिलाच कशाला?"

"अहो, मीच मागे लागलो."

"तू लागणारच. तुझं काम ते आहे. माझं काम नाही म्हणायचं होतं."

त्यांनी सगळा रंग उतरवला. सातही थर. दिलीपराव मला लिफ्टमध्ये भेटले तर म्हणाले, "तीन दिवस झाले, घरात आवाज नाही. डबासुद्धा हलवायला सांगितला नाही तिने." त्यांना करमत नसावं.

पुन्हा आंघोळ, पुन्हा सांधा, पुन्हा ताक. इरा रोज शाळेतून आली की गॅलरीतून पळत जायची, एकशे बाराच्या टपालाच्या फटीला तोंड लावायची आणि ओरडायची, "शोभामावशी, इज ही मुरला?" आणि आतून उत्तर यायचं, "नाही!" आमच्या पोरीला मराठी क्रियापदं येत नाहीत, हे एक आलं.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं, "मुरला!"

आबा घरी आले. त्यानंतर ते वाळूत पुरले गेलेत, तळ्यात पडलेत, सायकलच्या टोपलीतून रस्त्यावर दोनदा आपटलेत. पत्ते सांगणं चालूच आहे. खांदा शाबूत आहे.

पण हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगायचं होतं ते पुढच्या रविवारचं.

नेहमीप्रमाणे मी आईला फोन केला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. आई म्हणाली, "मी घेते रे गोळ्या. तू तुझ्या घेतोस ना बीपीच्या? आणि आबांचा खांदा बरा झाला ना आता?"

मी चमकलो. खांद्याचं मी आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं, उगीच वाईट वाटेल म्हणून. आणि बीपीचं तर मृणाल सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"शोभाने. गुरुवारी फोन असतो ना तिचा."

"दर गुरुवारी?"

"हो. त्या स्वेटरपासून. चार महिने झाले की. तुला माहीत नाही?"

खरं सांगतो, मला राग आला. मृणालने चहा पिता पिता मैत्रिणीला सांगावं, ती गोष्ट सांगलीला पोचावी? गुरुवारी मी घरून काम करतो. दुपारी एकच्या जेवणाच्या सुट्टीत मी एकशे बाराची बेल वाजवली. दिलीपरावांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून मला स्वयंपाकघरात नेलं. आतल्या खोलीतून शोभाताईंचा आवाज येत होता.

"सोलापूर चालू आहे," दिलीपराव हळूच म्हणाले. "मग सांगली. सांगलीनंतर नाशिक."

"म्हणजे?"

"आया आणि आज्या. गिऱ्हाइकांच्या."

दिलीपरावांनी ओट्यावरचं ताट बाजूला सारलं, हात पुसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तिची आई ठाण्याला होती. गुरुवारी दुपारी एकला हिचा फोन जायचा. तिकडे चहाची वेळ. आम्ही इथे आल्यापासून, एक गुरुवार चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आली आणि कामाला लागली, रडली वगैरे नाही. फक्त गुरुवारी एक वाजला की हात धुवायची आणि फोन घेऊन बसायची. लावायची नाही कोणालाच. नुसती बसायची. मी म्हटलं, गौरीला कर. तर म्हणे, ती लॅबमध्ये असते, आणि मराठीत विचारलं की डचमध्ये सांगते." त्यांनी ओट्यावर फडकं फिरवलं. "मग एकदा एका आजींच्या लुगड्याच्या काठाचा रंग विचारायला सोलापूरला फोन लावला. नेमका गुरुवार होता. तास झाला, तरी बोलतच होती."

आतून हसू ऐकू आलं. शोभाताईंचं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

मी खोलीच्या दाराशी गेलो. टेबलावर मुंडक्यांच्या काड्या एका बाजूला सरकवलेल्या होत्या आणि मोकळ्या जागेत फोन बाटलीला टेकवून उभा होता. पडद्यावर माझी आई होती. सांगली लागलं होतं. कपाळ आणि पंखा नव्हे, अख्खी आई. कोणीतरी तिला फोन कसा धरायचा ते शिकवलं होतं.

शोभाताईंनी मला पाहिलं आणि त्या एकदम उठल्या. चोरी पकडल्यासारख्या. एप्रनला हात पुसू लागल्या, हात स्वच्छच होते.

"अरे, ते, बीपीचं मी, म्हणजे त्यांनी विचारलं म्हणून," त्या म्हणाल्या. मी काय बोलायला आलो होतो ते मला आठवत होतं, पण डोळे पडद्यावरून हलेनात. मग त्यांनीच फोन उचलून माझ्यापुढे धरला.

"घे, बोल. जेवलीस का विचारू नकोस, जेवल्यात त्या. आज काय झालं ते विचार."

मी विचारलं, "आई, आज काय झालं?"

"आज नाही, चांगले पंधरा दिवस झाले," आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आबांच्या जुन्या ट्रंकेत मांजर व्यालंय. झाकण उघडं राहिलं होतं. तीन पिल्लं आहेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारतोस कुठे? तू गोळ्यांचं विचारतोस."

मग तिने मला पिल्लं दाखवली. एक पांढरं, एक करडं, आणि एक अगदी लहान, कापसात ठेवलेलं. आबांचं धोतर फाडून तिने त्यांना अंथरूण केलं होतं आणि त्याबद्दल तिला जराही वाईट वाटत नव्हतं. आम्ही किती वेळ बोललो मला कळलं नाही. शेजारी काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. शोभाताई स्टूल ओढून बसल्या होत्या आणि त्यांनी हात पुढे केला होता. त्यांना फोन परत हवा होता.

मी तो दिला आणि स्वयंपाकघरात दिलीपरावांशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी न विचारता माझ्यासाठी ताट घेतलं.

"हां आई," शोभाताई आत म्हणत होत्या, "ते तिसरं पिल्लू दूध प्यायला लागलं का?"